गिरणीच्या आवारांतील नवी पंगत

हॉटेलांत जाऊन जेवणें बरें कीं वाईट, हा वाद हल्लीं गांवोगांव आणि चाळीचाळींतून चालू आहे. मुलगा मुंबईंत नोकरीला लागतो, पहिलादुसरा पगार हातीं पडतो, आणि आईबाप भेटीला आले कीं तो त्यांना एखाद्या नव्या तऱ्हेच्या उपाहारगृहांत घेऊन जातो. भिंतीच्या विटा उघड्या, छताला लोंबणारे दिवे, पदार्थांचें कार्ड इंग्रजींत, आणि चौघांच्या जेवणाचें बिल बापाच्या आठ दिवसांच्या मजुरीएवढें! घरीं आल्यावर म्हातारीं माणसें म्हणतात, ही उधळपट्टी झाली. तरुण म्हणतात, ही सुधारणा झाली. आमच्या मतें दोघेही अर्धेंच खरें बोलतात. हा प्रश्न जिभेचा किंवा खिशाचा एवढाच नसून पंगतीचा आहे, आणि पंगतीचा प्रश्न आपल्या समाजानें कधींही हलका मानलेला नाहीं.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतों. हॉटेल ही वस्तु मुळांत वाईट आहे, असें आम्ही मानीत नाहीं. बाहेर खाल्ल्यानें कुळ बुडतें अशी ओरड पूर्वीं ज्यांनीं केली, त्यांचें दुःख अन्नाचें नव्हतें, पंगत मोडल्याचें होतें. आपल्या आजापणजांच्या काळीं गांवजेवणांत कोण कोठें बसे, हें जरा आठवून पाहा. वरची पंगत देवळाच्या ओवरींत. तिचें तूप वेगळें, तिचा वाढपी वेगळा. कुणब्यामाळ्यांची पंगत अंगणांत. सुतार, लोहार, कुंभार यांची पंगत त्यांच्या मागून. आणि ज्यांनीं लांकडें फोडलीं, आवार झाडलें, त्यांना उरलेंसुरलें अन्न वेशीबाहेर, पदरांत. धान्य एकाच शिवारांतलें, चूलही एकच. पण माणसाची किंमत तो कोठें बसतो त्यावरून ठरे.

ही पंगत मोडण्याचें काम पुष्कळांनीं केलें, आणि त्यांत चहाच्या दुकानाचाही वांटा आहे. कोल्हापुरांत गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थांनीं राजर्षि शाहू महाराजांच्या आधारानें हॉटेल काढलें. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हां महाराज स्वतः तेथें गाडी थांबवून चहा घेऊं लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजूं लागले. एका कपानें जें काम केलें तें दहा व्याख्यानांनीं झालें नसतें. मुंबईंत इराण्यानें संगमरवरी टेबल मांडलें, त्यावर चहा-ब्रुनपाव ठेवला, आणि पैसे देणाऱ्याला खुर्ची दिली. पुढें २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अंमलांत आली. तिच्या पंधराव्या कलमानें दुकानें आणि सार्वजनिक उपाहारगृहें यांत जातीवरून, धर्मावरून कोणालाही अडवितां येणार नाहीं असें ठरविलें. म्हणून सांगतों, हॉटेलच्या खुर्चीवर बसण्याचा हक्क आपल्याला फुकट मिळालेला नाहीं. तो कोणीतरी मार खाऊन मिळविलेला आहे, आणि तो वापरणें यांत पाप तर नाहींच, उलट भूषण आहे.

मग तक्रार कशाची? तक्रार ही कीं, जी पंगत पुढच्या दारानें गेली ती मागच्या दारानें परत येत आहे. हें पाहावयाचें असेल तर मुंबईच्या गिरणगांवांत, म्हणजे लालबाग, परळ, लोअर परळ या भागांत चला. आपल्यापैकीं क्वचितच एखादें घर असेल कीं ज्याचा आजा, चुलता किंवा मामा त्या भागांत राबला नाहीं.

कोंकणांतून, साताऱ्याहून, कोल्हापुराहून, नगराहून माणसें आलीं तीं या गिरण्यांच्या भोंग्यावर. जमीन थोडी, भावंडें फार. म्हणून एक भाऊ नांगराला आणि एक भाऊ मागाला. दहा दहा, पंधरा पंधरा गडी एका खोलींत पाळीपाळीनें झोपत आणि खानावळींत जेवत. ही खानावळ म्हणजे चाळींतल्याच एखाद्या बाईचें बिऱ्हाड. पांच-पंचवीस गड्यांचें दोन वेळचें जेवण ती रांधी आणि हिशोब पगाराच्या दिवशीं होई. या खानावळींतही दोष होते. त्या बहुधा आपापल्या गांवच्या व आपापल्या जातीच्या असत. गिरणींतही सर्व सारखें नव्हतें. धोट्यांतलें सूत तोंडानें ओढावें लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना विणाईच्या खात्यांत शिरूं देत नसत, आणि १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हा प्रश्न पुढें आणला. एवढें खरें, तरी खानावळींत एक गुण होता. तेथें राबणारा माणूस पोटभर जेवून उठे, आणि आपण कोठून आलों याची त्याला लाज वाटत नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखालीं गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. पन्नासांहून अधिक गिरण्या आणि सुमारें अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मिटला असा दिवस कधीं उगवलाच नाहीं. कामगार थकले, गांवीं परतले, आणि गिरण्या एकामागून एक थंड पडल्या. राहिली जमीन. १९९१ च्या नियमानें या जमिनीचे साधारण तीन वांटे व्हावयाचे होते: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक सरकारी घरबांधणीला आणि एक मालकाला. २००१ सालीं नियम बदलला आणि वांटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्यापुरती उरली. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा बदल कायम केला. फिनिक्स मिलच्या जागीं बाजार उभा राहिला. कमला मिल, मथुरादास मिल, तोडी मिल यांच्या आवारांत कचेऱ्या आल्या, आणि कचेऱ्यांच्या पाठोपाठ हीं नवीं उपाहारगृहें आलीं. जेथें साचा चाले तेथें आतां टेबल आहे. जुनी चिमणी कोठें राहिली असेल तर ती शोभेला.

या टेबलावर बसण्यास जातीची अट नाहीं. दारावरचा माणूस जात विचारीत नाहीं, तो फक्त पायांतल्या चपलेकडे पाहतो. आंत गेल्यावर कार्ड हातीं येतें, तें इंग्रजींत. त्यांतले पदार्थ ज्यानें शेतांत पिकविले त्यालाच त्यांचीं नांवें वाचतां येत नाहींत. आई पाय आंत ओढून घेते. बाप किंमत वाचून पाणीच मागतो. पोरगा वाढप्याशीं इंग्रजींत बोलतो. वाढपी पाटण तालुक्यांतला, पोरगा खटाव तालुक्यांतला. दोघांच्या आया एकाच बाजारांत कांदे विकतात. पण दोघेही एकमेकांशीं परक्या भाषेंत बोलून आपली मराठी लपवितात! वाचकहो, ही नवी पंगत. पूर्वीं दुसऱ्यानें आपल्याला उठवून खालीं बसविलें, आतां आपण आपल्याच मनांत खालीं बसतों. जुन्या पंगतीशीं भांडतां येत होतें, कारण ती उघड होती. ही मात्र आपल्या लाजेवर चालते.

आतां भाकरीचा हिशोब पाहूं. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. तेव्हांपासून ज्वारी, बाजरी, नाचणी यांना शहरांतल्या टेबलावर मोठा मान आला आहे. चांगली गोष्ट आहे. ज्या धान्याला कालपर्यंत गरिबाचें अन्न म्हणून नाक मुरडलें गेलें, त्याचा मान वाढला तर आपल्याला आनंदच आहे. पण त्या मानांतलें शेतकऱ्याच्या पदरीं काय पडतें? २०२४-२५ या हंगामासाठीं सरकारनें संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३३७१ रुपये ठरविला होता. शंभर ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर क्विंटलच्या सुमारें हजार भाकऱ्या होतात. म्हणजे एका भाकरीमागें शेतकऱ्याच्या हातीं साडेतीन रुपयांहूनही कमी. आणि तेही हमीभावानें खरेदी झाली तर. तीच भाकरी लहानशा बशींत घालून, वर लोण्याचा गोळा आणि बाजूला ठेच्याचा ठिपका ठेवून दोन-तीनशें रुपयांना विकली जाते.

कोणी म्हणेल, हॉटेलवाला चोर आहे असें तुम्हांला सुचवावयाचें आहे काय? तसें नाहीं. न्यायानें बोललें पाहिजे. हॉटेलवाल्याला जागेचें भाडें आहे, विजेचें बिल आहे, परवाने आहेत, नोकरांचे पगार आहेत, कर्जाचें व्याज आहे. अशीं कित्येक हॉटेलें वर्ष-दोन वर्षांत बुडतात, हेंही आम्ही जाणतों. पण या सर्व खर्चांत जागेचें भाडें हा फार मोठा वांटा आहे, हें विसरूं नका. ज्या जमिनीवर आपल्या आजानें रक्त आटविलें, त्या जमिनीचें भाडें नातू भाकरीच्या बिलांतून भरतो. आजाला त्या जमिनीवर खोलीही मिळाली नाहीं आणि बापाला ज्वारीचा दामही मिळाला नाहीं. दोन्हीकडून वजाबाकी एकाच घराची झाली.

टेबलापुढच्या माणसाचें एवढें झालें. आतां टेबलामागच्या माणसाकडे वळूं. या हॉटेलांच्या भटारखान्यांत कोण उभें आहे? आपल्याच खेड्यांतले तरुण, आणि त्यांच्या जोडीला नेपाळ, उत्तराखंड, बंगाल, ओडिशा येथून आलेले तसेच गरीब. बाहेर थंड हवा, आंत भट्टी. बाहेर रविवारची गर्दी, म्हणून आंत रविवारची सुट्टी नाहीं. येथें एका नांवाचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं याच परळांत गिरणी कामगारांची सभा भरविली आणि आठवड्याला एक दिवस विसांवा मागितला. सहा वर्षें तगादा चालला, आणि १० जून १८९० रोजीं गिरणी मालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. ज्या भूमीवर हिंदुस्थानच्या कामगारानें रविवार मिळविला, त्याच भूमीवर आज त्याचे पणतू रविवारीं दोन पाळ्या ताटें उचलतात. रविवारच पाहिजे असा आमचा हट्ट नाहीं. धंद्याची गरज आम्हांला समजते. पण महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्याप्रमाणें तो कायदा लागू असलेल्या ठिकाणीं आठवड्यांतून एक पुरा दिवस सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर हा नोकराचा हक्क आहे. ज्यांचीं मुलें या धंद्यांत आहेत त्यांनीं त्यांना पत्र लिहून, फोन करून हें विचारावें: सुट्टी मिळते काय? जादा तासांचे पैसे मिळतात काय? नोकरीचा कागद हातांत आहे काय?

आणखी एक प्रश्न विचारावा: आग लागली तर बाहेर पडावयाचा रस्ता कोणता? २९ डिसेंबर २०१७ रोजीं मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारांतल्या गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली आणि १४ माणसें मेलीं. जीव वांचविण्यासाठीं कित्येक जण शौचालयांत शिरले आणि तेथेंच धुरानें गुदमरले. मेलेलीं माणसें कोणाच्या जातीचीं, कोणाच्या पैशाचीं, हा विचार येथें करवत नाहीं. आग पंगत पाहत नाहीं. पण शोभेसाठीं गच्ची झांकावयाची, वाटेंत सामान ठेवावयाचें आणि तपासणी कागदावर करावयाची, ही संवय जोंवर चालू आहे तोंवर जेवणारा आणि वाढणारा दोघेही एकाच फांसांत आहेत. आंत शिरतांना भिंतीवरचीं चित्रें मागाहून पाहा, दुसरें दार आधीं पाहा.

आतां बिलाविषयीं चार शब्द. बिलाच्या शेवटीं पुष्कळदां सर्व्हिस चार्ज म्हणून शेंकडा दहा रुपये लावलेले असतात, आणि आपलें माणूस तो सरकारी कर समजून मुकाट्यानें देतें. तो कर नव्हे. बहुतेक साध्या उपाहारगृहांत सरकारी कर म्हणजे जीएसटी, तो शेंकडा पांच. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलांत घालूं नये आणि त्याची सक्ति करूं नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं सांगितलें. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेल्या, आणि २८ मार्च २०२५ रोजीं न्यायालयानें त्यांचे अर्ज फेटाळून प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. म्हणून सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला तर शांतपणें, मराठींत, तो काढावयास सांगा. काढीत नसतील तर १९१५ या सरकारी ग्राहक क्रमांकावर तक्रार करा. त्यांत भिकारपणा कांहीं नाहीं. दुकानांत माप कमी भरलें तर आपण बोलतोंच ना? मात्र वाढप्यानें मनापासून वाढलें असेल तर दहावीस रुपये त्याच्या हातावर ठेवावयास कांकूं करूं नका. मालकानें आपल्याकडून नोकराच्या नांवानें पैसे घ्यावे आणि ते नोकराला पोंचले कीं नाहीं हें कोणालाच कळूं नये, हा आडमार्ग आपण कशाला चालूं द्यावा?

येथें आमचे कांहीं तरुण मित्र म्हणतील, "ज्याचा पैसा त्याची मर्जी. आम्हीं कमावलें, आम्हीं खाल्लें. तुमचा उपदेश कोणीं मागितला?" मित्रांनो, खा, अवश्य खा. आईला गच्चीवरच्या थंड वाऱ्यांत बसवून तिला आवडेल तें खाऊं घाला. जिनें आयुष्यभर सर्वांच्या मागून, चुलीपुढें बसून उरलेलें खाल्लें, तिच्यापुढें एकदां कोणी गरम ताट आणून ठेवलें तर त्या पैशाचें सोनें झालें. आमचा आक्षेप त्या ताटाला नाहीं. आमचा आक्षेप उसन्या प्रतिष्ठेला आहे. क्रेडिट कार्डावर वाढदिवस करावयाचा, फोटो काढून नातलगांना दाखवावयाचा आणि पुढचे सहा महिने हप्ते भरावयाचे, हें जुन्या तेराव्याच्या जेवणाचेंच नवें रूप आहे. तेव्हां लोक काय म्हणतील म्हणून सावकाराकडे शेत गहाण पडे, आतां त्याच भीतीनें पगार गहाण पडतो. ज्यांनीं भटजीच्या दक्षिणेचा हिशोब विचारण्यास शिकविलें, त्यांच्या नातवंडांना मेनूकार्डाचा हिशोब विचारण्याची लाज वाटूं नये.

मग करावें काय? बहिष्कार घाला, असें आम्ही सांगत नाहीं. दार मोठ्या कष्टानें उघडलें आहे, तें आपणच लावून घेणें हा शहाणपणा नव्हे. जावें, पण ताठ मानेनें जावें. पातळ नेसून जावें, धोतर नेसून जावें, पायांत असेल ती चप्पल घालून जावें. पदार्थ समजला नाहीं तर विचारावा, किंमत आधीं वाचावी, आणि मराठींत बोलावें. वाढप्यालाही बरें वाटेल. मुलांनीं आईबापांना नेतांना एवढें पाहावें कीं त्यांना तेथें अवघडल्यासारखें होणार नाहीं. नाहींतर लालबागच्या एखाद्या साध्या खानावळींत बांगड्याचें कालवण आणि भात यावर त्यांची तृप्ति अधिक होईल.

पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे. आपला समाज पिकवितो, दळतो, रांधतो, वाढतो, भांडीं घांसतो. गल्ल्यावर मात्र क्वचित् बसतो. असें कां? ठेचा आपला, पिठलें आपलें, मालवणी कालवण आपलें, तांबडा-पांढरा रस्सा आपला. नफा दुसऱ्याचा. गिरणगांवच्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजांत बुडाल्या होत्या. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांच्या पुढाकारानें त्यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ उभें केलें, बँकेंतून कर्ज मिळविलें, आणि आपल्या चुलीच्या त्या मालकिणी झाल्या. त्या बायकांना ना इंग्रजी येत होतें, ना त्यांच्या भिंतीवर चित्रें होतीं. हिशोब आणि एकी या दोन गोष्टी मात्र त्यांनीं साधल्या. आज गांवोगांव बचत गट आहेत, शिकलेल्या मुली आहेत, हॉटेलांत दहा दहा वर्षें राबून धंद्याच्या खाचाखोचा शिकलेले तरुण आहेत. ज्वारी पिकविणारा, ती दळणारा आणि ती भाजून विकणारा हे तिघे एका पेढींत बसले, तर भाकरीच्या साडेतीन रुपयांचे पंधरा होण्यास कोणाची आडकाठी आहे? प्रत्येक तालुक्याच्या गांवीं एक असें स्वच्छ, सर्वांना खुलें आणि रास्त दराचें भोजनगृह कां असूं नये? त्यांत नोकराला आठवड्याची सुट्टी असावी, कार्ड मराठींत असावें, आणि झाडणाऱ्यापासून मामलेदारापर्यंत सर्वांना एकच ताट असावें.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, पंगतींत मानानें बसण्यासाठीं आपल्या वाडवडिलांनीं पुष्कळ सोसलें. आतां पंगत मांडण्याची पाळी आपली आहे. मुलगा हॉटेलांत वाढपी असेल तर त्याला कमी लेखूं नका. पण पांच वर्षांनीं तो वाढपीच राहणार काय, हें त्याला जरूर विचारा. आणि त्याचें उत्तर ऐकून घेतल्यावर, त्याच्या भांडवलासाठीं घरांतून काय उभें करतां येईल, याचा विचार त्याच रात्रीं बसून करा.